पारधीण येईल

महांतूला जेवू घालणं हे रुद्रम्माच्या घरातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते ती होता होईल तो सुनेवर सोडायची नाही. सून भुवनेश्वरी पोराला मोबाईल दाखवायची, गाणी लावायची, तरी पोरगं घास गालात धरून तासभर बसायचं. रुद्रम्माकडं असली थेरं नव्हती. तिच्याकडं एकच वाक्य होतं. नातवाला घेऊन ती मागच्या दाराच्या पायरीवर बसायची, दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं करायची आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत आवाज बारीक करून म्हणायची, “जेव रं राजा. न्हाय तर पारधीण येईल. पोत्यात घालून नेईल.”

घास गपकन गिळला जायचा. ताट चाटूनपुसून साफ व्हायचं.

हे वाक्य काही रुद्रम्मानं शोधून काढलेलं नव्हतं. तिच्या सासूनं तिच्या लेकाला, श्रीशैलला, ह्याच वाक्यावर वाढवलं होतं, आणि आता श्रीशैल चांगला बापई गडी होऊन उमरग्याच्या बाजारपेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवत होता. गल्लीतल्या सगळ्या घरांत दुपारी हीच आरोळी. मराठ्यांच्या घरी तीच, वाण्यांच्या घरी तीच. पोरगं झोपत नाही, पारधीण येईल. उन्हात जातंय, पारधीण येईल. ह्यात कुणाचं काही वाईट होतं असं कुणाच्या मनातही कधी आलं नाही, कारण ज्यांचं वाईट व्हायचं ती माणसं गल्लीत राहत नव्हती.

गंमत अशी, की खरोखरची पारधीण दर बाजाराला ह्याच पायरीशी यायची. हायवेपलीकडं गायरानात त्यांची पालं होती, तिथनं ती भंगार गोळा करत गावभर फिरायची. काळीसावळी, उंच, हनुवटीवर गोंदलेलं, पाठीवर पोतं. दुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे रुद्रम्मा तिच्यासाठी बाजूला ठेवायची आणि त्याच्या बदल्यात ती मागचं अंगण लख्ख झाडून द्यायची. मग रुद्रम्मा आतून शिळी भाकरी आणायची. बाईनं पदर पसरायचा, रुद्रम्मानं वरून भाकरी सोडायची. पाणी मागितलं तर तांब्या उंच धरून ओंजळीत ओतायचं. पदराला बोट लागणार नाही ह्याची काळजी रुद्रम्माचा हात आपोआप घ्यायचा. श्रावणात मठात जाऊन ती ‘सगळी शिवाचीच लेकरं’ हे प्रवचन डोळ्यांत पाणी आणून ऐकायची. त्या प्रवचनाचा आणि ह्या तांब्याचा काही संबंध असेल, असं तिला वाटलं नव्हतं. आपण दयाळू आहोत, हेच तिला ठाऊक होतं.

पारधीण आली की महांतू किंचाळत आत पळायचा आणि धान्याच्या कणगीमागं दडायचा. रुद्रम्मा पोट धरून हसायची. पारधीणही हसायची. “न्हाय नेत रं बाळा,” असं म्हणायची, “मला माझीच जड झाल्यात.” ती हसते म्हणजे तिलाही त्यात काही वाटत नसणार, असं रुद्रम्मानं धरून टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिचं नाव काय, हे मात्र रुद्रम्मानं विचारलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. “ये पारधिणी” म्हटलं की ती बघायची.

त्या बाजाराच्या दिवशी रुद्रम्मा नातवाला घेऊन भाजीला गेली. मेथीवालीशी घासाघीस करताना पोराचा हात सुटला. जुडी पिशवीत टाकून वळली, तर पोरगं नाही.

आधी तिनं हाका मारल्या. मग ओळीतल्या सगळ्या पाटीवाल्यांना विचारत सुटली. पुढं हायवे, सोलापूरच्या आणि हैदराबादच्या गाड्या एकीला एक लागून चाललेल्या, आणि पोरगं अजून शाळेतही न जाणारं. शिवाय त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक निरोप फिरत होता, पोरं धरणारी टोळी आली आहे म्हणून. भाजीवालीनं आपल्या फोनवरनं श्रीशैलला लावून दिलं. रुद्रम्माला धड बोलताही आलं नाही, तरी तो “आलो” म्हणाला.

तेवढ्यात तिला रसाच्या गाड्यामागं वाकून बाटल्या वेचणारी पारधीण दिसली. रुद्रम्मा तिच्याकडं अक्षरशः धावली.

“ये पारधिणी, आमचा महांतू दिसला का गं? हात सोडून गेलाय. तू सगळीकडं फिरतीस, बघ की जरा. हायवेकडं बघ. त्याला त्या जेसीबीचं लई याड हाय.”

“रडू नका आजी,” ती म्हणाली. “बघती म्या.”

“सापडला तर उचलूनच आण. सोडू नको. तुला नवं लुगडं घेती बघ.”

“लुगडं ऱ्हाऊ द्या,” म्हणत तिनं पोतं पाठीवर टाकलं आणि ती लांब ढांगा टाकत हायवेकडं निघाली. रुद्रम्मा दुसऱ्या अंगाला, देवळाकडं शोधायला गेली.

पुढचं तिनं बघितलं नाही, पण ते कसं झालं असेल हे तिला नंतर रोज दिसत राहिलं. हायवेच्या कडेला नळाच्या पाइपासाठी खड्डा खणत होते. महांतू त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून जेसीबी बघत होता. एक चप्पल पायात, दुसरी मागं चिखलात रुतलेली. पारधिणीनं ती चप्पल उपसली, हात मोकळे राहावेत म्हणून पोत्यात टाकली आणि पोराला काठावरून उचलून कडेवर घेतलं. पोरानं वळून बघितलं. हनुवटीवरचं गोंदण बघितलं, खांद्यावरचं पोतं बघितलं. आजीनं रोज दुपारी सांगितलेलं सगळं खरं झालं होतं. त्यानं जीव खाऊन बोंब ठोकली, “पारधीण! पारधीण मला नेतीय!”

बाजारातल्या माणसांना ह्याहून जास्त काय लागतं? पोरगं गोरंगोमटं, अंगात इस्त्रीचा सदरा. बाई तसली. कुणीतरी पोरगं हिसकावून घेतलं, कुणीतरी पोतं उपडं केलं. पुठ्ठे, बाटल्या, पत्र्याचे डबे आणि त्यातनं पोराची चप्पल निघाली. चप्पल निघाल्यावर कुणी काही विचारायचं उरलंच नाही. बाई म्हणत होती, “आजीनं पाठवलं, आजीला इचारा.” कुठली आजी, हे कुणी विचारलं नाही. मारणाऱ्यांत टमटमवाले होते, कापडवाले होते, रांगेत उभे असलेले भले शेतकरीही होते, आणि पोरगं आपलं आहे हे कळल्यावर सगळ्यांना बाजूला सारून पुढं झालेला श्रीशैलही होता. सगळ्यांत जास्त हक्क त्याचा होता, असं लोक नंतर म्हणाले. त्याच्या पायात दुकानात मालाची चढ-उतार करताना घालायचे जाड बूट होते.

रुद्रम्मा पोचली तेव्हा गर्दी सैल झाली होती. बाई मुरमावर कुशीवर पडली होती. केस सुटलेले, एका कानातनं रक्त. महांतू बापाच्या खांद्यावर हुंदके देत होता. बाईचा एक डोळा उघडा होता, आणि त्या डोळ्यानं तिनं रुद्रम्माला ओळखलं.

“आजी,” ती म्हणाली, “सांगा की.”

आजूबाजूला तमाम बाजार उभा होता. दोन शब्द बोलायचे होते. समोर लेक उभा, त्याच्या बुटाला लागलेलं रक्त तिला दिसत होतं. आपण बोललो तर हा काय ठरेल, हे तिला तिथल्या तिथं कळलं. इतकं लख्ख तिला आयुष्यात दुसरं काही कळलं नसेल.

“सांगा की, आजी.”

रुद्रम्मानं नातवाला आपल्याकडं घेतलं, त्याचे हातपाय चाचपले आणि घराची वाट धरली.

घरी मीठमोहऱ्यांनी पोराची दृष्ट काढली. हळदीचं दूध पाजलं. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या आणि “देवानंच वाचवलं बघा” म्हणून चहा पिऊन गेल्या. श्रीशैलच्या मोबाईलवर शाबासकीचे अंगठे पडत राहिले. त्या बाईचं काय झालं, हे एकीनंही विचारलं नाही. कुत्र्याला दगड लागला तरी चौकशी होते हो गावात.

त्या संध्याकाळी रुद्रम्मानं लेकाला गाठलं. तो अंघोळ करून पूजेला बसायच्या तयारीत होता.

“श्रीशैल, तिला म्याच पाठवली व्हती रं.”

त्यानं आईकडं बघितलं. त्याला ते कळायला वेळ लागला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. क्षणभर तो लहानपणचा श्रीशैल झाला, काहीतरी फोडून दाराआड उभा राहिलेला. मग चेहरा मिटला.

“अव्वा, तू घाबरली व्हतीस. तुला काय आठवतंय?”

“आठवतंय की. रसाच्या गाड्यापाशी...”

“ती पारधीच हाय, अव्वा. आज न्हाय तर उद्या तिनं कुणाचं तरी पोरगं उचललंच असतं.” आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, “हे कुणाला बोलू नको. भुवनेश्वरीलाबी न्हाय.”

तिनं मान हलवली. बोलायचं नाही म्हणून की कळलं म्हणून, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. जेवण मात्र गेलं नाही.

नंतर एका सकाळी मागचं दार वाजलं. रुद्रम्मानं सवयीनं आधी टोपलीतली भाकरी उचलली आणि मग दार उघडलं. दारात पंजाबी ड्रेसमधली एक तरुण मुलगी, खांद्याला पर्स. रुद्रम्मानं भाकरीचा हात पुढं केला. मुलीनं ओढणी पसरली नाही. ती नुसती त्या हाताकडं बघत राहिली, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

“मागायला नाही आले, आजी,” ती म्हणाली. “मी निकिता. तुळजापूरला कॉलेजात आहे. मथुराबाई माझी आई.”

“कोण मथुराबाई?”

“तुमचं अंगण झाडायची ती.”

रुद्रम्मानं भाकरी टोपलीत ठेवली.

“आई सोलापूरला आहे, दवाखान्यात,” मुलगी सांगू लागली. “बरगड्या मोडल्यात, डोक्याला आतून मार आहे. आणि पोरगं पळवलं म्हणून तिच्यावरच केस टाकलीय. शुद्धीवर आली की एकच बोलती. आजीनं पाठवलं, आजीला विचारा. आमच्या माणसांचं कोण ऐकतंय? पण तुमचं ऐकतील. तुम्ही खोटं बोलत नाही, असं आई म्हणते.”

“असं म्हणती?”

“हो. मला तुमचं काही नको. पैसा नको, माफी नको. तेवढं एक वाक्य सांगा, ठाण्यात येऊन.”

घरात श्रीशैलचं खाकरणं ऐकू आलं. रुद्रम्मानं मागं वळून बघितलं.

“उद्या ये,” ती म्हणाली.

मुलगी हसली. तिची आई हसायची तसंच, जुनं, सगळं ओळखून असलेलं हसू. “उद्या ये,” ती म्हणाली. “भाकरी नसली की आईलाबी असंच म्हणायच्या ना तुम्ही?” आणि ती निघून गेली. अंगण बऱ्याच दिवसांत झाडलेलं नव्हतं. तिच्या चपलांचे ठसे धुळीत उमटले आणि रुद्रम्मा किती तरी वेळ त्यांच्याकडं बघत बसली. तिला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी येणं वेगळं आणि लेकाला तुरुंगात धाडणं वेगळं, असंही तिनं मनाला सांगितलं, आणि मनानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. दुपारी ठाण्यातला जमादार आला.

श्रीशैलनं त्याला बैठकीत बसवलं, पंखा लावला, भुवनेश्वरीला चहा टाकायला सांगितला. जमादार गावचाच म्हणावा असा माणूस, बोलायला मऊ. रुद्रम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आत चूल पेटलेली, महांतूचं ताट वाढलेलं.

“बाई गेली,” जमादार म्हणाला. “सकाळी सोलापूरला. आता कलम बदलतंय, त्यात ॲट्रॉसिटीबी लागतीय. तिची पोरगी शिकलेली हाय, वरपर्यंत जाणार ती.” मग बशीत चहा ओतून फुंकर घालत रुद्रम्माकडं वळला. “पण भ्यायचं कारण न्हाय, आजी. गर्दीत कुणी मारलं, कुणाला दिसतंय? फक्त तुमचा जबाब घट्ट पायजे. पोत्यात घालताना म्या डोळ्यानं बघितली, एवढंच म्हणायचं. तुमच्या शब्दाला गावात वजन हाय.”

त्या मुलीनं हेच सांगितलं होतं. सगळ्यांना रुद्रम्माचं एकच वाक्य हवं होतं.

श्रीशैल आईकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तोही झोपत नव्हता, हे तिला माहीत होतं. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. तिच्याच सासूच्या आणि तिच्याच हातचे घास खाऊन तो एवढा झाला होता.

आतून भुवनेश्वरीचा आवाज आला. पोरगं गालात घास धरून बसलेलं दिसत होतं.

“गीळ बघू. गिळतोस का न्हाय? न्हाय तर पारधीण येईल हं.”

सुनेच्या तोंडून ते सवयीनं गेलं. तिच्या ध्यानातही आलं नाही.

महांतू हसला. घास तोंडातनं काढून त्यानं ताटात टाकला.

“आता न्हाय येत ती,” तो म्हणाला. “पप्पानं मारली तिला. म्या न्हाय जेवत जा.”

बैठकीत जमादारानं मांडीवर थाप मारली. “लई हुशार हाय की नातू,” तो म्हणाला, आणि श्रीशैल कसनुसं हसला.

रुद्रम्मा हसली नाही. पोराला भीतीची सवय लावली होती, आता भीती गेली, आणि भीतीच्या जागी काय येऊन बसलं होतं ते तिनं त्या हसण्यात ऐकलं. श्रीशैलला ते यायला तीस-पस्तीस वर्षं लागली होती. ह्याला काही दिवसच लागले.

ती आत गेली आणि नातवापुढं मांडी घालून बसली. बैठकीत स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पारधीण न्हाय. मथुराबाई नाव व्हतं तिचं.”

महांतू बघत राहिला.

“तू हरवला व्हतास. तुला हुडकायला तिला म्या पाठवली. उचलूनच आण, सोडू नको, असं म्याच म्हणलं व्हतं.”

“अव्वा.” श्रीशैल दारात आला होता. परक्यापुढं आईशी मराठीच बोलायचं, ही त्याची रीत त्या वेळी सुटली. “सुम्न कुंद्र, अव्वा.” गप बस, असं तो घरच्या कन्नडात म्हणत होता, आणि आवाज आज्ञेचा नव्हता, काकुळतीचा होता.

“इतके दिवस गपच बसले रं,” ती म्हणाली. मग नातवाकडं वळली. “पोत्यात भंगार व्हतं. अन् तुझी चप्पल. चिखलात रुतली व्हती, ती हरवू नये म्हणून तिनं ठेवली व्हती.”

जमादारानं बशी खाली ठेवली. तो उठून आतल्या दाराशी आला. आवाज तसाच मऊ होता. “आजी, हे असं म्हणलासा, तर पोरगा आत जातुय. कळतंय न्हवं?”

“कळतंय.”

“मग?”

“पहिल्यापासनंच कळतंय. म्हणून तर ती मेली.”

श्रीशैल चौकटीला धरून खाली बसला. भुवनेश्वरी कधी नवऱ्याकडं, कधी सासूकडं बघत होती. तिला हे सगळं आत्ताच कळत होतं, आणि तिच्या हातातला घास तसाच होता. रुद्रम्मानं खुंटीवरची शाल अंगावर घेतली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि जमादाराला म्हणाली, “चला. कुठं सांगायचं तिथं सांगती.”

ती चपला घालत होती, तेवढ्यात मागून महांतूनं विचारलं, “मग पप्पानं तिला का मारलं?”

तिनं लेकाकडं बघितलं. लेकानं मान वर केली नाही. पोरानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यांदा, कारण आपलं ऐकू गेलं नसेल असं त्याला वाटलं.

त्या दुपारी महांतू उपाशीच झोपला. त्याला जेव म्हणायची कुणाची छाती झाली नाही.